गॉगल काळा आहे ना, मग झालं!

रस्त्याकडेच्या गॉगलवाल्याजवळ बहुधा एक छोटं कार्ड असतं. नुसत्या डोळ्यांना ते कोरं दिसतं; गॉगल चढवला की त्यावर एखादी गाडी किंवा मासा उमटतो. गिऱ्हाईक खूश! त्यातून कळतं एवढंच की काच पोलराइज्ड आहे. ऊन किती अडेल, खडा लागला तर काच टिकेल का, हे त्या कार्डाला कुठून ठाऊक?

तरी दुचाकीवाल्यांचा एक समज काही केल्या हटत नाही: काच जितकी काळी, तितके डोळे सुरक्षित.

अहो, काळा रंग अडवतो तो दिसणारा उजेड. अतिनील किरण अडतात ते काचेच्या द्रव्यामुळे किंवा तिच्यावरच्या लेपामुळे, आणि त्याला रंग लागतच नाही. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक पूर्ण पारदर्शक असूनही जवळपास सगळे अतिनील किरण शोषतं. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवाल्यांसाठी ठेवलेला पॉलिकार्बोनेटचा पांढरा सेफ्टी चष्मा या बाबतीत झोकदार काळ्या गॉगलला मागे टाकू शकतो. उलट किरण न अडवणाऱ्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि त्यांची वाट आणखी मोकळी होते.

काळेपणाचीही प्रतवारी आहे. आयएसओ १२३१२-१ या मानकात ० ते ४ असे गट आहेत. तिसऱ्या गटातली काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, चौथ्यातली जेमतेम ३ ते ८. चौथ्या गटातला गॉगल गाडी चालवताना वापरायचाच नसतो. भर दुपारी साताऱ्याहून पुण्याकडे येताना तो लावून कुणी खंबाटकीच्या बोगद्यात शिरला, तर डोळे सरावेपर्यंत त्याला दिसणार काय? ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

आणि डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी काचेचा रंग बघून येत नाही. अमेरिकेच्या एएनएसआय झेड८७.१ मानकात ‘झेड८७+’ हा शिक्का मिळवायला चष्म्याला ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने झेलावी लागते. शिक्का फ्रेमवरच असतो. तो आधी शोधावा, रंग मागाहून. मग हेल्मेट घालून आरशात पाहावं: गालापाशी फट राहते का, दांड्या कानावर रुततात का. नंबरचा साधा चष्मा इथेच कमी पडतो, कारण वारा, धूळ आणि संध्याकाळची चिलटं बाजूनेच आत घुसतात.

बाकीचे समज झटपट निकालात काढता येतील. रात्रीसाठी विकले जाणारे पिवळे चष्मे: २०१९ साली ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त आलेल्या सिम्युलेटरवरच्या प्रयोगात समोरच्या दिव्यांच्या झोतात पादचारी दिसायला त्यांची काहीही मदत झाली नाही. पोलराइज्ड काच चकाकी मारते खरी, पण ओल्या रस्त्यावरच्या तेलाची चमकही मारते, आणि कधीकधी डिजिटल मीटरच काळा दिसतो. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा हेल्मेटच्या काचेआड फारसा बदलत नाही, कारण ज्या अतिनील किरणांनी तो बदलायचा, ते व्हायझरनेच अडवलेले असतात.

‘हेल्मेटला काच आहे की!’ हे मात्र बरोबर, पण ती खाली असेल तेव्हाच. शिवाय धुरकट व्हायझर रात्री चालत नाही: युरोपच्या नियमात ८० टक्क्यांहून कमी उजेड सोडणाऱ्या व्हायझरवर ‘फक्त दिवसा वापरा’ असं छापावं लागतं. आणि काचेवर चरे पडले असतील, तर समोरच्या हेडलाइटचा उजेड त्यांत फाकतो. अशा वेळी नुसती काच बदलून मिळते, हेल्मेट टाकायची गरज नसते.