अकरा भेटींत आई कुठे?

हजार लोकवस्तीमागे एक आशा कार्यकर्ती, आणि राज्याचा जन्मदर हजारी साधारण १५. अवसरी खुर्दसारख्या गावातल्या आशाताईंनाही हेच गणित लागू. दवाखान्यात बाळंतपण झाले की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचे. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. एका बाळामागे ११ भेटी, वर्षाला १६५. पहिल्या सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीमागे ४२ रुपयेही पडत नाहीत.

या पद्धतीचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९३–९५ मध्ये हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिथे २५.५ वर आला. २०११ पासून केंद्राने ही योजना देशभर नेली. बाळ जगवायला घरभेट उपयोगी पडते, हे आपणच दाखवून दिले. जगलेल्या बाळाला मारहाण किंवा हेळसांड सोसावी लागते का, हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता.

ते मोजले न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात. पहिलटकरणी ४०० जणी. त्यांतल्या एका गटाकडे परिचारिका गरोदरपणी सरासरी ९ आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत २३ वेळा गेल्या. १५ वर्षांनी या गटात आईविरुद्ध छळ वा हेळसांडीच्या सिद्ध तक्रारी सरासरी ०.२९ निघाल्या, भेटी न मिळालेल्यांत ०.५४. मात्र जिथे आईलाच वारंवार मारहाण होत होती, तिथे हा फायदा दिसला नाही. मला यातले हेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटते, कारण २०१९–२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहितांपैकी साधारण एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले आहे.

आपल्याकडचा मुलांच्या छळाचा मोठा अभ्यास २००७चा. १३ राज्यांतल्या मुलांपैकी ६९ टक्क्यांनी मार खाल्ल्याचे सांगितले. पण त्यात सर्वांत लहान मूल पाच वर्षांचे होते. पाळण्यातल्या बाळाची मोजदादच नाही.

आईच्या मनाची मोजदाद मात्र झाली आहे. गोव्यातल्या २००२च्या अभ्यासात बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या; निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. आता आपले वेळापत्रक पाहा. ४२व्या दिवसानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. सव्वा महिना उलटतो, पाहुणेरावळे थांबतात, लेक बाळाला घेऊन माहेरहून सासरी निघते, आणि नेमक्या याच काळात सुमारे ४८ दिवस योजनेतली एकही भेट नाही. त्यात गाव बदलले की आशाही बदलते. बाळाचे वजन, ताप, स्तनपान यांची नोंद होते. आईचा ताप, रक्तस्रावही विचारला जातो. तिच्या मनाचे काय?

रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आशांसारख्याच आरोग्य कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवले. गरोदरपणी नैराश्य असलेल्यांपैकी बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी २३ टक्के जणी नैराश्यात राहिल्या. नुसत्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. फेऱ्या दोन्हीकडे होत होत्या.

तेव्हा साठाव्या दिवसाची एक भेट वाढवावी, तिचे वेगळे मानधन द्यावे, आणि मनाचा व मारहाणीचा, असे सासूसमोर न विचारता येणारे दोन प्रश्न बाजूला घेऊन विचारायला आशाताईंना शिकवावे. तोवर घरात कोणी ओली बाळंतीण असेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा मोफत क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून ठेवा.