विजेच्या रथांची शर्यत

शर्यत म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें शंकरपटाचे बैल किंवा महालक्ष्मीच्या मैदानावरील घोडे उभे राहतात. मोटारींच्या शर्यतींविषयीं आमचें मत आजवर फारसें अनुकूल नव्हतें. तेल जाळावयाचें, कानठळ्या बसविणारा आवाज करावयाचा आणि जेथून निघालों तेथेंच पुन्हां येऊन थांबावयाचें, यांत पुरुषार्थ तो कोणता, असें आम्ही वर्गांतहि विद्यार्थ्यांस विचारीत असूं. तें मत गेल्या महिन्यांत आम्हांस तपासून पाहावें लागलें, आणि त्यास कारण झाला आमचा नातू.

आमच्या वडील कन्येचा हा मुलगा यंत्रविद्येच्या पदवीच्या शेवटच्या वर्षांत आहे. महाविद्यालयांतील सोबत्यांबरोबर विजेवर चालणारी शर्यतीची लहान मोटार तयार करण्यांत त्याचीं दोन वर्षें गेलीं. आतां एका चांगल्या कारखान्यांतून नोकरीचें बोलावणें आलें असतां, तें नाकारून याच विद्येच्या पुढील अभ्यासासाठीं इंग्लंडास जावें असें त्याच्या मनानें घेतलें. खर्च सारा कर्जाचा. आणि त्या कर्जास तारण म्हणून बदलापुरांतील आमचें राहतें घर द्यावें लागणार. घरांत दोन पक्ष पडले आणि निवाडा आमच्याकडे आला. विषय समजून घेतल्यावांचून निवाडा देणें शिक्षकास शोभत नाहीं, म्हणून आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली व नातवासच गुरु केलें. त्या आठ दिवसांत जें समजलें तें येथें सांगतों. कारण असा प्रश्न आज ना उद्यां पुष्कळ घरांतून निघणार आहे.

या शर्यतीस फॉर्म्युला ई असें नांव आहे. एका माणसापुरती बैठक, अंगाबाहेर उघडीं राहिलेलीं चार चाकें आणि तेलाच्या टांकीऐवजीं बॅटरी, असें त्या मोटारीचें रूप. पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजीं बीजिंग शहरांत झाली. आपल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ पहिल्या दिवसापासून तींत आहे. त्या दिवशीं चेन्नईच्या करुण चंढोक यानें या संघाची मोटार हांकून पांचवा क्रमांक मिळविला. २०१७ च्या जून महिन्यांत बर्लिन येथें स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्ट यानें संघास पहिला विजय मिळवून दिला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं तर ही शर्यत हैदराबादेस हुसेनसागराच्या कांठीं भरली. मात्र पुढील वर्षीं ठरलेली शर्यत तेथें होऊं शकली नाहीं. आतां २०२६-२७ च्या मोसमापासून चौथ्या पिढीच्या नव्या मोटारी धांवावयाच्या आहेत. त्यांची कमाल शक्ति ६०० किलोवॅट, म्हणजे सुमारें आठशें घोड्यांची, आणि ती सदैव चारी चाकांस मिळणार. पोर्शे, जॅग्वार, निस्सान अशा नामांकित कारखान्यांबरोबर महिंद्रचा संघहि या मोसमांत उतरणार आहे.

हे आंकडे ऐकून आम्हीं म्हटलें, "म्हणजे शेवटीं दांडगाईच कीं!" त्यावर नातू हंसून म्हणाला, "नाहीं आजोबा. ही शर्यत जोराची कमी आणि हिशेबाची जास्त आहे."

त्याचें म्हणणें असें. आरंभीच्या चार मोसमांत बॅटरी अर्ध्या शर्यतीसच पुरत असे. मध्यें सारथि उतरून दुसऱ्या मोटारींत बसे. टपालाच्या टांग्याचे घोडे टप्प्यावर बदलीत, तसाच हा प्रकार. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या मोसमापासून एकच मोटार शेवटपर्यंत न्यावी लागते. २०२३ पासूनच्या तिसऱ्या पिढीच्या मोटारींत बॅटरींतून वापरतां येणारी वीज साडेअडतीस युनिटांच्या आसपास आहे. महिन्यास सव्वाशें युनिट जाळणाऱ्या घरास तेवढी वीज नऊ दिवस पुरेल. येथें ती पाऊण तासाच्या शर्यतीस पुरवावयाची, आणि तीहि ताशीं तीनशें किलोमीटरांच्या पुढें धांवूं शकणाऱ्या मोटारींत! पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोरानें हांकणाराची वीज वाटेंतच संपते. म्हणून जाणता सारथि वळण येण्यापूर्वींच पाय उचलतो, पुढील मोटारीच्या आडोशास राहून वाऱ्याचा मार चुकवितो आणि शेंकडा किती वीज शिल्लक आहे तें फेऱ्या-फेऱ्यास आपल्या मंडळींशीं ताडून पाहतो.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. ब्रेक लावतांना या मोटारीचा वेग वायां जात नाहीं. चाकें फिरविणारें विजेचें यंत्र त्या वेळीं उलट काम करूं लागतें. चाकें त्यास फिरवितात, त्यांतून वीज उत्पन्न होते आणि ती बॅटरींत जमा होते. तिसऱ्या पिढीच्या मोटारी शर्यतींत जी वीज खर्चितात तिच्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक वीज अशी परत मिळविलेली असते, असें संयोजक सांगतात.

हें ऐकून आम्हांस आश्चर्य वाटलें तेव्हां नातवानें आम्हांस बदलापूर स्थानकावर नेलें व समोर येऊन थांबणारी लोकल दाखविली. मुंबईच्या नव्या लोकल गाड्याहि थांबतांना अशीच वीज निर्माण करून वरच्या तारेंत परत सोडतात, व ती दुसऱ्या एखाद्या निघणाऱ्या गाडीच्या उपयोगीं पडते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली, आणि १ जून १९३० रोजीं सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनामागें आमच्या बदलापुरावरूनच पुण्याकडे गेली, हें आम्ही मुलांस वर्षानुवर्षें शिकविलें. परंतु अंबरनाथच्या शाळेंत जातां-येतां ज्या गाडींत आम्ही रोज उभे राहिलों, ती थांबतां थांबतां काय करूं लागली आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस महाभारतांतील नलोपाख्यानाची आठवण झाली. ऋतुपर्ण राजास अयोध्येहून एका दिवसांत विदर्भास पोंचावयाचें होतें. बाहुकाच्या वेषांतील नळानें रथास कृश दिसणारे घोडे जोडले, तेव्हां राजास शंका आली. पण नळास अश्वांचें हृदय ठाऊक होतें. राजाजवळ दुसरी विद्या होती. वाटेवरील बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती, हें तो नुसत्या दृष्टीनें सांगूं शके. दोघांनीं आपापली विद्या एकमेकांस दिली, आणि तेव्हांच नळाच्या अंगांतून कलि निघाला. सारथ्य आणि गणित एकत्र आल्यावांचून संकट टळत नाहीं, असा अर्थ आम्हांस त्या कथेंत प्रथमच दिसला.

नातवानें त्यास आजचें उदाहरण दिलें. २४ एप्रिल २०२१ रोजीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथें पोर्तुगालचा आंतोनियो फेलिक्स द कोस्ता सर्वांच्या पुढें होता. वाटेंत अपघातांमुळें शर्यत वरचेवर संथ करावी लागली होती, आणि नियमाप्रमाणें प्रत्येकाच्या वांट्याची वीजहि कमी करण्यांत आली होती. वेळ संपण्यास कांहीं सेकंद उरले असतां त्यानें रेषा ओलांडली. त्यामुळें एक फेरा वाढला. त्या फेऱ्यास पुरेल एवढी वीज बहुतेकांजवळ उरली नव्हती. एकामागून एक मोटारी रस्त्यांतच मंदावल्या, आणि ज्यानें शिल्लक राखली होती तो नेदरलंड्सचा निक द व्ह्रीस जिंकला. हाच सारथि पुढें महिंद्रच्या संघांत आला.

ही हकीकत आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून ऐकली व तेथूनच सांगितलें, "यांत नवें तें काय? पंधरवड्यांत पगार संपविणाऱ्याचा संसार कधीं महिनाअखेर गांठतो काय?"

तरी आमच्या शंका साऱ्याच फिटल्या नाहींत. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग अद्यापि कोळसा जाळूनच निघतो. धूर मोटारीमागून गेला तरी तो चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून निघतोच. शिवाय सारा सरंजाम देशोदेशीं नेण्याआणण्यास जें इंधन लागतें तें निराळेंच. नातवानें हें नाकारलें नाहीं. तो इतकेंच म्हणाला कीं, शर्यतींत सिद्ध झालेली काटकसर उद्यां रिक्षांत व दुचाक्यांत येईल. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या कारखान्यांच्या गांवांतून ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस स्वच्छ हवेची किंमत निराळी सांगावयास नको. रस्त्यावरचा धूर जरी उणावला तरी तो लाभच. उल्हासनगरच्या दुकानांतून वाटेल तें यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसहि मग बॅटरीची विद्या शिकावी लागेल, आणि ती शिकविणारे कोणी तरी हवेतच.

आठव्या दिवशीं आम्हीं नातवास म्हटलें, "बाळ, विद्या चांगली आहे. आतां तुझा स्वतःचा हिशेब दाखीव. शेवटच्या फेऱ्यास तुझ्याजवळ काय उरतें?" तो गप्प राहिला. दोन दिवसांनीं त्यानें वहीचीं दोन पानें लिहून आणलीं. नोकरी स्वीकारून दोन वर्षें पगार शिल्लक टाकावयाचा, शिष्यवृत्तीचा यत्न करावयाचा, आणि मग उरलेल्या खर्चापुरतेंच कर्ज काढावयाचें. घर तारण ठेवण्याची ओळ त्यानें स्वतःच खोडली होती.

निवाडा असा आपोआप झाला. दोन वर्षांत त्याचा उत्साह मावळेल अशी कन्येस धास्ती वाटते, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि वाटते. म्हणून घराचे कागद आम्हीं पेटींतून काढून वेगळे ठेविले आहेत. तोंवर त्याचा हेतु टिकला आणि कांहीं कमी पडलें, तर ते त्याच्या हातीं देऊं, असें त्यास सांगितलें आहे.

येत्या मोसमाची पहिली शर्यत आम्ही त्याच्या शेजारीं बसून पाहणार आहों. कोणाची वीज शेंकडा किती उरली तें पडद्यावर दाखवितात म्हणे. पुढें कोण आहे हें नातू पाहील. आम्ही तो शिल्लकेचा आंकडा पाहूं.