काळ्या बाहुलीआडचा पडदा

डोळ्याच्या आतला पडदा तपासण्याचे उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1850 च्या अखेरीस प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे तयार केले. त्याआधी हा पडदा वैद्यांना नीट पाहायला मिळे तो शवविच्छेदनातच. जिवंत माणसाच्या डोळ्यात बाहुलीचे काळे वर्तुळ आड येई.

बाहुली काळी का दिसते, या प्रश्नातच शोधाची किल्ली होती. डोळ्यात शिरलेला उजेड पडद्यावरून उलटून आल्या वाटेने दिव्याकडे परत जातो. तो पाहायचा तर दिव्याच्या वाटेत डोळा न्यावा लागतो, आणि मग पाहणाऱ्याचे डोकेच उजेड अडवते. विल्यम कमिंग यांना 1846 मध्ये आणि एर्न्स्ट ब्र्यूके यांना 1847 मध्ये ठरावीक कोनातून बाहुली चमकताना दिसली होती. त्या चमकेतून पडद्याचे चित्र मात्र कोणी मिळवले नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आरशाचे एक साधन बनवले, पण ज्या नेत्रवैद्याला ते दाखवले त्याला त्याचे मोल कळले नाही. हातची संधी गेली.

हेल्महोल्ट्झ शरीरक्रियाविज्ञान शिकवत. विद्यार्थ्यांना ही चमक समजावण्याच्या तयारीत त्यांना उपाय सुचला. त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरल्या. दिव्याचा काही उजेड त्यांवरून वळून रुग्णाच्या डोळ्यात जाई. परतणारा काही उजेड काचेतून आरपार पाहणाऱ्याकडे येई. जोडीला अंतर्गोल भिंग ठेवल्यावर पडद्यावरच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसल्या. इतक्या साध्या सामानातून वैद्यकाला क्वचितच एवढे मोठे दान मिळाले असेल. 1851 मध्ये त्यांनी पुस्तिका काढून सारी माहिती जगापुढे ठेवली.

पुढच्याच वर्षी कोनिग्सबर्गचे कारागीर रेकॉस यांनी भिंगांची फिरती चकती जोडली, तर ग्योटिंगेनच्या रुएटे यांनी मध्ये छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरला. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी हे साधन रोजच्या तपासणीत आणले. काचबिंदूत दृष्टिचेतेच्या तोंडाशी पडणारा खळगा आता रुग्णाच्या डोळ्यात पाहता येऊ लागला. पुढे तेलाच्या दिव्याची जागा विजेने घेतली. चार्ल्स शेपेन्स यांनी 1940 च्या दशकात डोक्यावर बांधायचे, दोन्ही डोळ्यांनी पाहायचे उपकरण घडवले. त्यामुळे पडद्याच्या कडेचे फाटलेले भागही शोधता आले. 1991 पासून ओसीटी (ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी) तंत्राने पडद्याचे थरही दिसू लागले.

मधुमेहात नजर चांगली असतानाही पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी, काही त्रास नसला तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.