उधारीची वही आणि आपली मुरव्वत

वारणानगरच्या पंचक्रोशीत सकाळी लवकर बाहेर पडलात तर दूध संस्थांच्या दारात किटल्या घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. कुणाचे दूध दोन लिटर, कुणाचे दहा. दूध मापले जाते, फॅट पाहिले जाते आणि आकडा लिहिला जातो. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. त्याच आकड्यांवरून पुढे बिल निघते. दोन लिटर दूध घालणाऱ्या बाईला या लिहिण्यात अपमान वाटत नाही. उलट एखादे दिवशी नोंद राहिली तर तीच हटकते.

आता आपल्या दुकानाकडे या. लग्नाचा बस्ता चाळीस हजारांचा झाला. पंधरा हजार रोख मिळाले, उरलेले 'उसाचे बिल आले की देतो.' आपण मान हलवतो. लिहून घेतले का, असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले: "घरचा माणूस, त्याच्यासमोर वही कशी धरायची?"

ही आपली मुरव्वत. स्वभाव म्हणून ती चांगलीच आहे. पण धंद्यात तिने आपल्यापैकी कितीतरी जणांना जागच्या जागी बांधून ठेवले आहे. पैसा बाहेर अडकतो, पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याला वेळेवर पैसे जात नाहीत, मग नवा माल मिळत नाही आणि आपण म्हणतो, "नशिबात एवढेच होते."

माझे वालिद कापडाचा धंदा करीत. हिशेब सारा डोक्यात. त्यांचा इंतकाल झाला तेव्हा आम्हा भावांना कुणाकडून किती येणे आहे हे ठाऊक नव्हते आणि कुणाचे किती देणे आहे हेही नव्हते. ज्यांचे देणे होते ते घरी आले. त्यांच्या शब्दावर आम्ही रक्कम चुकती केली. ज्यांच्याकडे येणे होते त्यांपैकी दोघे-तिघेच आले. पण खरी टोचणी पैशाची नव्हती. कुणी संकोचाने आलाच नसेल आणि त्याचे देणे वालिदांच्या मानेवर राहिले असेल तर? शरीअतमध्ये वारसांच्या वाटणीआधी मय्यताचे कर्ज फेडायचे असते. जे कुठे लिहिलेलेच नाही ते फेडायचे कसे?

अल्लाहचा हुकूम काय आहे?

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोज्याविषयी नाही, ती उधारीच्या लिखापढीविषयी आहे. सूरह बकरा, आयत २८२. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, हा तिचा आशय. मजकूर सांगण्याचे काम देणेकऱ्याचे, म्हणजे दुबळ्या बाजूवर अन्याय होऊ नये. हातोहात रोखीचा सौदा असेल तर न लिहिण्यास हरकत नाही, अशी सवलतही तिथेच आहे.

त्याच्या दोनच आयती आधी अडचणीतील कर्जदाराला मुदत द्यावी, माफ केले तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. म्हणजे लिहिणे आणि दया करणे यांत विरोध नाही. किती येणे आहे हे माहीत असेल तरच माफ करता येते. जे आठवतच नाही ते बुडाले, त्याला माफी म्हणत नाहीत.

'आपल्याला जमणार नाही' ही सबब

दुसरी अडचण भाषेची सांगितली जाते. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी बोलणे येत होते, पण मराठीत बिल लिहिताना हात अडखळे. कित्येक वर्षे मी तीच सबब पुढे करीत होतो. मग वाचनात आले की रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती सुमारे पंधरवड्यात आत्मसात केली. कारण व्यवहाराचे, पत्रांचे होते. त्यानंतर माझी सबब मलाच हलकी वाटू लागली. आजही माझी खासगी टिपणे उर्दूत असतात, पण गिऱ्हाइकाचे पान मराठीत असते, कारण त्याला ते वाचता आले पाहिजे.

या भागातील शेतकऱ्यांचेच पाहा. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात इथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी हाती घेतली. त्यामागून दूध संघ आणि वारणा बाजार आले. १९९८ मध्ये सरकारच्या मदतीने परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे सुरू झाली. संगणकाला हातही न लावलेले शेतकरी तिथे जात आणि मुख्यतः एकच विचारीत: माझा ऊस किती भरला? पुढे २००६ च्या सुमारास काही गावांत हीच माहिती मोबाईलच्या संदेशावर देण्याचा प्रयोग झाला. यंत्र बदलले, पण आपला हिशेब मागण्याची सवय कायम राहिली. ती सवय या माणसांना लागू शकते, तर आपल्याला का नाही?

कायदा काय सांगतो?

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षे आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली तर ती मुदत नव्याने सुरू होते. नुसती आपली वही एकट्याने पुरावा म्हणून पुरत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. म्हणून गिऱ्हाइकाची सही महत्त्वाची.

कारागीर बांधवांसाठीही एक गोष्ट. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी कराराने ठरलेल्या तारखेला, पण ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. यासाठी आधी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनाशुल्क आहे.

सुरुवात कशी करावी?

एका गिऱ्हाइकाला एक पान. तारीख, माल, एकूण रक्कम, मिळालेली रक्कम, देण्याची तारीख आणि सही. पहिली सही घेताना जीभ जड होईल. तेव्हा एवढेच म्हणावे, "भाऊ, उद्या मी नसलो तर माझ्या मुलांनी तुमच्याकडे जास्त मागू नये, म्हणून लिहितो." मी हेच म्हणतो. आजवर कुणी रागावून दुकानाची पायरी उतरलेले नाही. वहीच्या मागच्या बाजूला आपण ज्यांचे देणे लागतो त्यांची नावे लिहावीत, आणि ती पाने कुठे आहेत हे घरात सांगून ठेवावे.

जुन्या उधारीचे सारे गणित एका दिवसात सुटणार नाही. आज इशाच्या नमाजनंतर आठवतील तेवढी पाच नावे लिहा. उद्या आणखी पाच. अल्लाहतआला आपल्या रोजीत बरकत देवो आणि कुणाचेही देणे मानेवर घेऊन जाण्यापासून आपणा सर्वांना वाचवो. आमीन.