दुखणारा फोड आणि न दुखणारा डाग

शेतात राबणाऱ्या माणसाच्या कातडीवर उमटणाऱ्या खुणांचे कारण पुष्कळदा शेतातच असते. ते डोळ्यांना दिसते असे मात्र नाही. भाताच्या हंगामात एखाद्याला सकाळी मानेवर चाबकाचा फटका बसल्यासारखा लालभडक पट्टा दिसतो, त्याची आग होते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक फोड धरतात. त्याच हंगामात दुसऱ्या कोणाच्या काखेत किंवा कमरेला मसुराच्या दाण्याएवढी काळी खपली धरलेली असते. ती दुखत नाही, बहुधा खाजतही नाही. पहिल्या खुणेला घाबरून माणूस तातडीने दवाखाना गाठतो. दुसरी खूण आपल्या अंगावर आहे हेच त्याला ठाऊक नसते. जिवाला धोका असतो तो या दुसरीत.

पहिल्या खुणेचे कारण पेडेरस नावाचा लहानसा भुंगेरा होय. लांबी जेमतेम ७ ते १० मिलिमीटर, डोके काळे, छाती व पोट नारिंगी, आखूड पंख निळसर-हिरव्या झळाळीचे आणि पोटाचे टोक पुन्हा काळे. धावताना तो मुंगीसारखा दिसतो आणि डिवचला की पोटाचे टोक वर उचलतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पावसानंतरच्या दमट रात्री दिव्याकडे आकर्षित होऊन घरात येतो, झोपलेल्या माणसाच्या अंगावर उतरतो आणि नकळत हाताखाली चिरडला जातो. तेव्हा त्याच्या शरीरातील पेडेरिन हे विष कातडीवर पसरते. हे विष भुंगेरा स्वतः तयार करीत नाही, तर त्याच्या शरीरात वस्ती करणारा एक जिवाणू ते निर्माण करतो. पेडेरिनमुळे पेशींतील प्रथिननिर्मिती थांबते. त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे फोड उठेपर्यंत भुंगेऱ्याची आठवणही उरलेली नसते. हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने पट्टा उमटतो. कोपराच्या घडीत चिरडला गेल्यास घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींची प्रतिमा शोभावी अशी जोडखूण दिसते.

या पट्ट्याला खेड्यापाड्यांत सर्रास नागीण समजले जाते आणि मग गेरूचे लेप सुरू होतात. नागीण हा विषाणूजन्य विकार असून तो शरीराच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या मार्गाने पसरतो. पेडेरसच्या खुणेला असा मार्ग नसतो. उपचार साधे आहेत. भुंगेरा अंगावर दिसल्यास चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी आणि त्या हाताने डोळे चोळू नयेत. फोड आलेच तर थंड पाण्याच्या पट्ट्या आणि वैद्यकीय सल्ल्याने सौम्य स्टेरॉइड मलम पुरते. साधारण दोन-तीन आठवड्यांत त्रास ओसरतो, काळसर डाग मात्र काही काळ राहतो. डोळ्याला बाधा झाली असेल तर घरी उपाय करीत बसू नये.

या भुंगेऱ्यांच्या भीतीने भातावर फवारणी करण्याचा मोह टाळला पाहिजे. पेडेरस हा भात खाचरातील उपयुक्त भक्षक आहे. तुडतुडे आणि इतर किडींची अंडी व पिल्ले तो खातो. त्याला शेतात राहू द्यावे आणि घरात येऊ देऊ नये, एवढेच पुरेसे आहे. त्यासाठी खिडक्यांना बारीक जाळी लावावी आणि झोपण्याच्या जागेवरचा दिवा रात्री मालवावा.

दुसऱ्या खुणेची कथा निराळी आहे आणि ती समजून घेण्यासाठी तामिळनाडूकडे पाहावे लागते. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी त्या राज्याच्या चेन्नईस्थित सार्वजनिक आरोग्य संचालनालयाने स्क्रब टायफसच्या वाढत्या रुग्णांबाबत सावधगिरीच्या सूचना दिल्या. हा रोग तेथे नवा नाही. एग्मोर येथील इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ या चेन्नईतील बालरुग्णालयातील डॉक्टरांनी स्क्रब टायफस झालेल्या मुलांच्या लक्षणांचा अभ्यास २०१२ मध्येच प्रसिद्ध केला होता. चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर या रोगाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे.

रोगाचा जिवाणू ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या नावाने ओळखला जातो. तो माणसाला देणारा जीव कीटक नसून कोळी वर्गातील आहे. मिरचीवरील लाल कोळी शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. हा त्याचा दूरचा नातेवाईक, परंतु पिकाशी त्याचे काही देणेघेणे नाही. अंड्यातून बाहेर पडणारे त्याचे पिल्लू नारिंगी-लाल, सहा पायांचे आणि जेमतेम पाव मिलिमीटर असते. त्याला चिगर म्हणतात. आयुष्यात एकदाच, याच अवस्थेत, त्याला उंदीर-घुशींसारख्या प्राण्याच्या शरीरावर भूक भागवावी लागते. पुढच्या अवस्थेत त्याला आठ पाय येतात. मग तो मातीत राहून कीटकांची अंडी व सूक्ष्म जीव खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. बाधित मादीकडून जिवाणू तिच्या अंड्यांत उतरतो. म्हणजे कोळी हा रोगाचा वाहकही असतो आणि साठाही. उंदीर कोळ्यांची संख्या वाढवतात. रोगाचा मुख्य साठा ते नव्हेत.

चिगर गवताच्या पात्यावर किंवा पालापाचोळ्यावर वाट पाहत असतो. माणूस तेथे बसला, निजला किंवा उघड्या पायांनी फिरला की तो अंगावर चढतो आणि जेथे कपडा घट्ट बसतो किंवा कातडीला घडी पडते तेथे थांबतो. करदोट्याखाली, जांघेत, काखेत, स्तनांखाली, गुडघ्यामागे, कानामागे. तो रक्त पीत नाही; लाळेने कातडीचा सूक्ष्म भाग विरघळवून तो द्रव शोषतो. याच वेळी जिवाणू शरीरात शिरतो. दोन-चार दिवसांत पिल्लू गळून पडते. त्या जागी आधी एक पुटकुळी येते, तिचा व्रण होतो आणि त्यावर काळी खपली धरते. सिगारेटचा चटका बसावा तशी ही खपली दिसते आणि तिच्याभोवती लालसर कडा असते. वैद्यकात तिला एस्कार म्हणतात.

चावा झाल्यापासून साधारण दहा दिवसांनी ताप चढतो. डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, खोकला अशी लक्षणे दिसतात. रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि डेंगीचा संशय घेतला जातो. वेल्लोर येथे २००५ ते २०१० या काळात दाखल झालेल्या ६२३ रुग्णांपैकी ४३.५ टक्क्यांच्या अंगावर एस्कार आढळला. ३४ टक्क्यांत एकाहून अधिक अवयव निकामी होऊ लागले होते आणि ९ टक्के रुग्ण दगावले. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. काळी खपली सापडली तर निदानाचा मोठा दुवा हाती येतो. ती सापडली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

खपली न सापडण्यामागे एक साधे कारणही आहे. ती शोधलीच जात नाही. गर्दीच्या दवाखान्यात कपडे सैल करून काख-जांघ पाहण्याइतका एकांत मिळत नाही आणि स्त्रिया संकोचापोटी काही सांगत नाहीत. येथे घरातील माणूस किंवा आशा कार्यकर्ती जे पाहू शकते ते प्रयोगशाळेलाही साधत नाही. आयजीएम एलायझा चाचणी आजाराच्या पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकते.

खपलीला मलम लावून काही उपयोग नाही. तापावर सरसकट दिली जाणारी पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील इंजेक्शनेही येथे निष्प्रभ ठरतात, कारण हा जिवाणू पेशीच्या आत राहतो. लागू पडते ते डॉक्सिसायक्लिन. वेळेत सुरू केल्यास ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. गर्भवतींसाठी डॉक्टर अॅझिथ्रोमायसिन निवडतात. आजार गंभीर झाल्यावर काय करावे, याबाबत वेल्लोरच्या पुढाकाराने देशातील सात केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिलेल्या रुग्णांत गुंतागुंत किंवा मृत्यू यांसारखे प्रतिकूल परिणाम ३३ टक्क्यांत दिसले. एकेकच औषध दिलेल्यांत हे प्रमाण ४७-४८ टक्के होते. मात्र केवळ मृत्यूंचा विचार केला तर तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. उशिराचे नुकसान औषध दुप्पट करूनही पुरते भरून निघत नाही, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राने हा रोग २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात जवळून पाहिला. तामिळनाडूत ईशान्य मोसमी पावसामुळे रुग्ण हिवाळ्यापर्यंत वाढत राहतात. आपल्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे बांधावरचे गवत गुडघ्यापर्यंत आलेले असते तो काळ अधिक जोखमीचा. सोयाबीन-कपाशीतील निंदणी, गवत कापणी आणि जनावरे चारणे ही कामे नेमकी याच काळात येतात.

म्हणून या महिन्यांत बांधावर किंवा गवतात थेट बसू नये, ताडपत्री अंथरावी. अंगातील कपडे गवतावर वाळत घालू नयेत. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि बूट घालावेत. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. कामावरून आल्यावर कपडे बदलून, साबणाने अंग चोळून आंघोळ केली तर कातडीवर नुकतेच चढलेले चिगर निघून जातात. घराभोवतालचे गवत व झुडपे आधी काढावीत आणि उंदरांचे नियंत्रण त्यानंतर करावे. उंदीर आधी मारले तर भुकेले चिगर दुसऱ्या यजमानाच्या शोधात राहतात.

विस्तार कार्यकर्त्याने तापाच्या रुग्णाच्या घरी तीन प्रश्न विचारावेत: ताप किती दिवसांचा आहे, गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवतात काम झाले का आणि अंगावर कोठे न दुखणारी काळी खपली आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर घरातल्या कोणाला तरी, बाईच्या बाबतीत घरातल्या बाईला, करदोट्याखाली, काखेत आणि जांघेत एकदा उजेडात पाहायला सांगावे. खपली आढळल्यास ती खरवडू नये, कारण तिच्यातूनही जिवाणूची तपासणी करता येते. रुग्णाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि सोबतच्या चिठ्ठीत खपली शरीरावर कोठे आहे ते लिहावे.