वैनगंगेकाठचा आद्यकवी

पवनी तालुक्यातील गोसीखुर्दला लोक जातात ती धरण पाहायला. तेहेतीस दरवाजे, त्यांतून पावसाळ्यात उसळणारे पाणी आणि भिंतीवर उभे राहून काढलेले फोटो! मी मात्र तेथे गेलो होतो एका शब्दापायी. तो शब्द म्हणजे ‘वैन्यगंगा’.

त्याचे असे झाले. मुकुंदराज हा मराठीचा आद्यकवी, त्याचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा, ज्ञानेश्वरीच्या आधी एकशेदोन वर्षे, हे सारे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. मुलेही उतरवून घेत आली. पण मागल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या ग्रंथात वैन्यगंगेच्या काठच्या अंबानगरीचा उल्लेख आहे, आणि समाधी तर अंबाजोगाईला दाखवतात. मग ही वैन्यगंगा कोणती?” घड्याळाकडे पाहून मी तास संपवला. तास संपायला अजून सात मिनिटे होती!

वैन्यगंगा म्हणजे आपली वैनगंगा, असे विदर्भातील मंडळी सांगतात. गोसीखुर्दच्या भिंतीने ती अडवली आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. ग्रंथाची परंपरागत तिथी धरली तर बरोबर आठशे वर्षांनी! त्या पाण्यासाठी कित्येक गावांना आपली घरे, शेते आणि देवळे सोडून उठावे लागले. भिंतीवरून वरच्या अंगाला जे अफाट पाणी दिसते, त्याच्या फुगवट्याच्या काठी, कुही तालुक्यात, आंभोरा आहे.

आंभोऱ्याला वैनगंगेला कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या नद्या मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, आणि हरिनाथांची समाधीही येथे दाखवतात. हे हरिनाथ कोण? मुकुंदराजाने आपली गुरुपरंपरा सांगितली आहे ती आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ अशी. म्हणजे हे त्याच्या गुरूचे गुरू. त्यांनी शंकराच्या दर्शनासाठी केलेल्या उग्र तपाची हकीकत विवेकसिंधूत आहे. अंबानगरी म्हणजे आंभोरा, हा येथल्या लोकांचा दावा या धाग्यावर उभा आहे.

अंबाजोगाईकरांचे म्हणणेही कच्चे नाही. योगेश्वरीचे गाव ते, अंबानगरी हे नाव त्याला सहज शोभते, आणि मुकुंदराजाची समाधी तेथल्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या पुजली जाते. मला विचाराल तर दोघांच्या भांडणात फारसा दम नाही. ग्रंथ सांगतो ते एवढेच, की वैन्यगंगेच्या काठी अंबानगरीत जगदीश्वर प्रगट झाला. ग्रंथ कोठे लिहिला आणि कवीने देह कोठे ठेवला, हे त्यातून निघत नाही. आजेगुरूंचे स्थान वैनगंगेवर आणि शिष्याची समाधी बालाघाटात असायला हरकत कसली?

खरी अडचण सनाची आहे. रचनेचा शक सांगणारी ओवी साऱ्या हस्तलिखितांत मिळत नाही. शिवाय तीत साधारण संवत्सर म्हटले आहे, आणि शके १११० ला येतो तो कीलक; साधारण येतो १११२ ला. पंचांग घेऊन बोटे मोजली की कोणालाही हे पडताळता येईल. छापील विवेकसिंधूची भाषाही लीळाचरित्रापेक्षा अलीकडची वाटते. नकलाकारांच्या हातून ती बदलली असेल, पण शंका उरतेच.

ज्याच्यासाठी ग्रंथ रचला तो जैतपाळ राजा कोण, यावरही वाद आहे. कोणी देवगिरीचा यादव जैतुगी म्हणतात, कोणी बैतूलजवळच्या खेरल्याचा राजा. दंतकथेतला जैतपाळ मोठा उतावळा! एक पाय रिकिबीत घातल्यावर दुसरा घालीपर्यंत मला ब्रह्म दाखवा, ही त्याची अट. न दाखवणाऱ्या साधूंना तो कैदेत टाकी. मुकुंदराजाने त्याला तत्काळ समाधी लावली आणि सारे सुटले. गोष्ट गोड आहे, पण ग्रंथ वाचल्यावर मला ती पटत नाही. अठरा प्रकरणांत हा माणूस कुठेही घाई करीत नाही. शिष्य शंका विचारतो, गुरू ती सोडवतो, पुन्हा शंका, पुन्हा उत्तर. शास्त्रांचे सार मराठीत मिळत असेल तर शहाण्याने ते का घेऊ नये, एवढेच तो विचारतो. संस्कृताच्या त्या काळात हा प्रश्न साधा नव्हता.

देवळाच्या टेकडीवरून मी बराच वेळ संगम शोधत होतो. पाणी इतके चढले होते की पाच नद्या निराळ्या दिसेनात. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला विचारले, “काका, कन्हान कुठून येते?” त्याने हात लांब करून दाखवले आणि म्हणाला, “ते तिकडून येते जी. आता तुम्हाले नाही दिसनार. आमाले दिसते.”

परवा वर्गात फळ्यावर शके १११० लिहिले आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. आंभोऱ्याची सारी हकीकत सांगून झाल्यावर त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. “आणि सर, अंबाजोगाईची समाधी पाहिलीत?”

नाताळच्या सुटीतली अंबाजोगाईची तिकिटे काढून ठेवली आहेत.