पोटातल्या 'गाठी' आणि बाळाची वाट

लग्नाला दोन वर्षं झालेली सून सोनोग्राफी करून घरी येते. कागदावर 'पीसीओएस' लिहिलेलं असतं. संध्याकाळपर्यंत आळीभर होतं, "तिच्या पोटात गाठी आहेत, तिला मूल व्हायचं नाही." आज या गैरसमजाबद्दलच बोलू या.

आपल्या ओटीपोटात दोन बीजकोश असतात. दर महिन्याला त्यांत काही बीजं वाढू लागतात, त्यातलं एक पिकून बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये शरीरातल्या हार्मोनचा तोल बिघडतो. मोहोर भरपूर, पण आंबा पाडाला लागत नाही, तसं होतं. सोनोग्राफीत दिसतात त्या या न पिकलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या. त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. त्यांच्यासाठी गर्भपिशवी काढायची नसते.

पाळी 35 दिवसांपेक्षा लांबणं, हनुवटीवर राठ केस, मुरमं, वाढतं वजन या त्याच्या खुणा. सडपातळ बाईलाही हा त्रास असू शकतो.

बीज नेमानं पिकत नाही, म्हणून दिवस राहायला वेळ लागतो. पण उपचारांनी बहुतेकींना दिवस राहतात. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. 70 किलोच्या बाईचं साडेतीन ते सात किलो कमी झालं, तर पाळी सुधारू शकते. त्यासाठी उपाशी राहू नका. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी पोटभर खा. चहातली साखर आणि तळलेलं कमी करा. रोज अर्धा तास झपझप चाला. एवढ्यानं जमलं नाही, तर बीज पिकवणाऱ्या गोळ्या असतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, शेजारणीची चिठ्ठी दाखवून नाही.

पाळी अनियमित असेल तर वर्षभर वाट पाहू नका, आधीच दवाखान्यात जा. आणि जाताना नवऱ्यालाही न्या. त्याच्या वीर्याची तपासणी सोपी असते. दोष एकटीच्या माथी का मारायचा?

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. पीसीओएस असलेल्या बाईला गरोदरपणात साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. म्हणून पहिल्याच तपासणीत, आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत, ग्लुकोजचं पाणी पिऊन साखर तपासून घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारा.

आणि मूल नको असलं, तरी तीन महिने पाळी आली नाही तर दुर्लक्ष करू नका. आधी दिवस गेलेत का ते पाहा. नसतील तर डॉक्टरांना भेटा. वर्षानुवर्षं पाळी तुंबली, तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कुणाच्या सुनेला 'गाठी' निघाल्या असतील, तर तिला नावं ठेवू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.